दोन मिनिटांचे वळण

शुक्रवार, २ फेब्रुवारी. सायं. ६.१०

वृद्ध सभासदांना रविवारच्या उपासनेस आणण्यासाठी चर्चच्या मंडळीने अखेर गाडी घेतली. बारा सीट. आजच्या मीटिंगमध्ये नियोजन माझ्याकडे आणि सारथ्य एका निवृत्त रुग्णवाहिका-चालकाकडे सोपवण्यात आले. पाळक म्हणाले, तुम्हां दोघांचे स्वभाव दोन टोकांचे आहेत, एकत्र काम केलेत तर भले होईल. चालकाचे होईल यात शंका नाही. हा गृहस्थ उपासना चालू असताना मागच्या बाकावर पेपरमिंटच्या गोळ्या वाटतो.

वेळापत्रक तयार केले. पाच थांबे, प्रत्येकी दीड मिनिट. फाटकाशी आगमन ८.५०. दोन रंगांत. छत्तीस वर्षे मुद्रितशोधन केलेल्या माणसाच्या कागदावर चूक सापडणार नाही.

रविवार, ४ फेब्रुवारी. दुपारी १

आगमन ९.१२. पहिले गीत संपले होते.

कारणे: शिंपीणबाईंच्या दारी चालक खाली उतरला आणि त्यांच्या गुडघ्याची चौकशी करत बसला. पुढे काठीवाल्या आजींना त्याने जिन्यावरून हाताला धरून, पायरी पायरीवर थांबत आणले. मी खिडकीतून घड्याळ दाखवले, तर म्हणाला, "काका, घड्याळ तुमचं, स्टिअरिंग माझं." वर म्हणाला, तीस वर्षं सायरन लावून पळालो, आता कुणालाच पळवणार नाही.

संकल्प: चालकाला महिन्याभरात वळण लावणे. रागावणे नाही.

रविवार, ११ फेब्रुवारी. दुपारी १.३०

रागावलो नाही. गाडी सुटण्यापूर्वी फक्त प्रार्थना केली, कोणाचेही नाव न घेता. हे प्रभू, तू सूर्याला वेळेवर उगवायला लावलेस, तसेच ज्यांना घड्याळ असूनही दिसत नाही त्यांचे डोळे उघड. प्रार्थना संयत होती. मी "आमेन" म्हणण्याच्या आत चालकाने स्वतःची सुरू केली, गिअर टाकत, डोळे सताड उघडे ठेवून: "आणि बापा, ज्यांना घड्याळाशिवाय काहीच दिसत नाही, त्यांना जरा माणसं पण दिसू देत." मागच्या सगळ्या सीटवरून "आमेन" आले. माझ्या वेळी आले नव्हते. त्यांना अवधीच मिळाला नाही.

परतीच्या प्रवासात मी प्रार्थनेनेच उत्तर दिले. त्यानेही दिले. हे लाल सिग्नलपासून पुढच्या चौकापर्यंत चालले. काठीवाल्या आजींनी घाबरून विचारले, कोण वारलं?

आगमन ९.०९. तीन मिनिटांची सुधारणा. माझी पद्धत लागू पडत आहे.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

पाळकांनी दोघांनाही बोलावले. देवाच्या आडून एकमेकांना टोमणे मारू नका, म्हणाले. हे चालकाला उद्देशून असावे. माझ्याकडे ते केवळ शिष्टाचार म्हणून पाहत होते.

तडजोड ठरली. मी प्रत्येक थांब्यास एक मिनिट वाढवून द्यायचे, त्याने गुडघ्यांची चौकशी चालत्या गाडीत करायची. मी उदार मनाने होकार दिला. तेवढ्यात चालक म्हणाला, आणखी एक स्टॉप घ्या, गिरणीमागचं घर.

म्हणजे दादा. माझा थोरला भाऊ.

मी म्हणालो, ते मार्गात बसत नाही.  चालकाने माझ्यापुढे पेपरमिंटची गोळी धरली.

येथे नोंद करून ठेवतो, कारण लोक विपर्यास करतात. वहिनींच्या अंत्यविधीचे सूत्रसंचालन माझ्याकडे होते. दादाला बोलण्यास पाच मिनिटे दिली होती, अकरा झाली. वहिनींच्या शेवटच्या सकाळविषयी सांगता सांगता तो मध्येच थांबला आणि बराच वेळ त्याच्या तोंडून शब्द निघेना. दफनाची वेळ ठरलेली होती. मी उठलो आणि पुढील गीताचा क्रमांक सांगितला. एवढेच. कोणीतरी सांगणे भागच होते. त्या दिवसापासून, साडेआठ वर्षे झाली, दादाने चर्चमध्ये पाऊल टाकलेले नाही. मनाला लावून घेण्याची त्याची सवय जुनीच आहे.

बुधवार, १४ फेब्रुवारी

हिने जेवताना विषय काढला. अहो, ते वळण घेतलं तर किती वेळ जातो? मी म्हटले, बराच. ही म्हणाली, तुम्ही मोजलाय? आणि ताट उचलून निघून गेली.

दुपारी मोजण्यासाठी रिक्षाने गेलो. जाऊन येऊन दोन मिनिटे. गिरणीच्या कोपऱ्यावरून घर दिसते. दादा ओट्यावरच्या खुर्चीत बसला होता. खुर्चीतून उठण्यासाठी त्याने तीन वेळा प्रयत्न केला.  चौथ्या वेळी उठला. मी कोपऱ्यावरच उभा होतो. कामासाठी गेलो होतो, काम झाले होते.

रात्रीचे जेवण गेले नाही. उन्हाने असेल.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

नवा निर्णय. येत्या रविवारी गाडीत बसायचे नाही, कोणास कळवायचेही नाही. माझ्यावाचून घोडे कुठे अडते ते सर्वांना आपोआप कळेल.

रविवार, १८ फेब्रुवारी. दुपारी २

सूचनाफलकामागे उभा राहून निरीक्षण केले. गाडी ८.५८ ला आली. भरलेली. गाणे म्हणत. पुढच्या सीटवर, म्हणजे माझ्या सीटवर, दादा.

तो किती लहान झाला आहे.

मी फलकामागून निघालो नाही. उपासना बाहेरूनच ऐकली. नंतर पाळकांनी मला गाठून सरळच सांगितले: चालक गेले वर्षभर दर शनिवारी दादाकडे जाऊन बसतो. गाडीतून यायला दादा तयार होता, पण "तो गाडीत असेल तर मी नाही" अशी त्याची अट होती. आज मी नाही, हे पाहून चालकाने गाडी तशीच गिरणीमागे वळवली.

मी म्हणालो, बारा सीटच्या गाडीत गर्दी होतेच.

सोमवार, १९ फेब्रुवारी. सायं. ७

प्रकृतीच्या कारणास्तव गाडीतील स्थान सोडत असल्याचे पत्र पाळकांना दिले. यापुढे पायी जाईन. चालणे हाडांना चांगले.

संध्याकाळी चालक घरी आला. बोलावले नव्हते. हिने त्याला लगेच खुर्ची दिली. म्हणाला, "काका, पायी कशाला झिजताय? दादांची माफी मागा की." मी त्याला सांगितले की याचा मसुदा मी कालच केला आहे. दीड पान. पार्श्वभूमी, कारणमीमांसा, खेद. त्याने वाचला, नाक खाजवले आणि म्हणाला, "हे ऐकेपर्यंत दादा झोपून उठतील." मी परिच्छेद कापले. अर्धे पान राहिले. तो नाहीच म्हणाला. शेवटी उरले: दादा, माझं चुकलं.

वाक्य फार उघडे वाटते. तरी मी मान्य केले. त्याच्या बाजूने त्याने वचन दिले: रविवारी दादाला बरोबर ८.५० ला फाटकाशी उतरवीन, म्हणजे उपासनेपूर्वी दहा मिनिटे तुम्हां दोघांची. "वेळेवर, काका. आईशप्पथ." शपथ घेऊ नये असे मी म्हटले. तो हसला. मीही थोडा हसलो असे हिचे म्हणणे आहे.

शनिवार, २४ फेब्रुवारी

सराव चालू. आरशासमोर एकवीस वेळा, हिच्यासमोर दोनदा. तिसऱ्यांदा ही म्हणाली, मला नका सांगू, ज्याला सांगायचंय त्याला सांगा. तयारी पूर्ण आहे. तीन शब्दांत चुकण्यासारखे काही नाही.

रविवार, २५ फेब्रुवारी. दुपारी ३.४०

८.२० पासून फाटकाशी होतो. ८.५० झाले. गाडी नाही. ८.५२. वाक्य एकदा पुटपुटून पाहिले.

८.५४ ला गाडी आली. चालकाने दादाला काखेत धरून उतरवले, माझ्यापुढे आणून उभे केले, मला डोळ्याने खूण केली आणि तो काठीवाल्या आजींना उतरवायला गाडीमागे गेला. दादा आणि मी, मध्ये हातभर अंतर. त्याने माझ्याकडे पाहिले. मी तोंड उघडले.

"दादा," मी म्हणालो, "चार मिनिटं उशीर झाला."

मागे शिंपीणबाईंनी कपाळावर हात मारल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

दादाने माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले.  मग तो म्हणाला, "नऊ वर्षं आणि चार मिनिटं." आणि पायरी चढण्यासाठी त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. चालक जवळ नव्हता, म्हणून ठेवला असेल.

वास्तविक आठ वर्षे आणि सात महिने होतात. मी सांगितले नाही.