चार नंबरची खुर्ची

शनिवार, ७ जून

ती. ताईस नमस्कार.

मी बरा आहे, जेवलो आहे, शर्टाचं तुटलेलं बटण लावून घेतलं आहे. तू हे तिन्ही विचारणार, म्हणून आधीच लिहिलं. समोर बोललो की माझा आवाज चढतो आणि आतून दाजी "काय झालं हो साहेब?" करत येतात, म्हणून तुझ्या टेबलावर हे पत्र.

डायलिसिस केंद्रातून फोन आला असेलच. काल त्यांनी आपला खुर्च्यांच्या नोंदणीचा प्रोग्राम चालवून पाहिला. चार नंबरच्या खुर्चीवर एक आजोबा बसले होते, सुई लागायची होती, आणि त्याच खुर्चीसाठी एक बाई दारात उभ्या. दोघांनाही तीच वेळ दिलेली. सिस्टर मला म्हणाल्या, "काय करू, मांडीवर बसवू?" सगळे हसले. त्या बाई हसल्या नाहीत. त्यांचे पाय सुजले होते. दुपारपर्यंत बाकावर बसून होत्या.

सोमवारी प्रोग्राम कायमचा सुरू करायचा आहे, वेळ नाही, तर सगळं प्रोग्राम बनवायच्या आपल्या जुन्या टूलमध्ये करू, त्याच्या खोड्या आपल्याला पाठ आहेत, असं मी म्हणत होतो. दाजी म्हणत होते, नव्यात करू, पुढे सोपं जाईल. दोन्ही चाललं असतं. हो, दाजींचंही चाललं असतं, हे मी शुद्धीत लिहितो आहे. तू काय केलंस? फोनवरची नोंदणी दाजींना दिलीस, नव्यात. काउंटरवरची मला, जुन्यात. पोरांना खाऊ वाटावा तशी! आता दोन्हीकडून खुर्च्या दिल्या जातात आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही.

ताई, याला काम म्हणत नाहीत. आई-बाबांच्या भांडणात तू हेच करायचीस. दोघांनाही हो म्हणायचं आणि मग दोघांनी तुझ्यावरच ओरडायचं.

आणि एक. मंगळवारी दाजी केंद्राच्या डॉक्टरांना म्हणाले, "आमच्या साहेबांनी शाळा अर्ध्यावर सोडली, नवीन शिकायचं म्हटलं की पोटात दुखतं." ते बोलतातच. पण तू हसलीस. शाळा सुटल्यावर मला कॉम्प्युटरपुढे कोणी बसवलं होतं? हे लिहायचंच नव्हतं मला.

नव्या टूलची सगळी माहिती मी केव्हाच वाचली आहे. सांगितलं नाही. कोणी विचारलंच नाही.

आता एकच काहीतरी निवड. सगळं नवं म्हणालीस, तर उद्या दिवसभर दाजींच्या शेजारी बसेन, त्यांनी पडद्यावर लिहिलेला 'रूग्ण'सुद्धा ऱ्हस्व करीन. सगळं जुनं म्हणालीस, तर ते दाजींना तू सांगायचंस, तोंडावर. मी नाही. आणि पुन्हा अर्धं-अर्धं केलंस, तर ऑफिसची किल्ली या कागदाखाली आहे, ती तुझ्याकडेच ठेव.

खाली जिन्यात बसलो आहे. हाक मारशील तर नवं की जुनं, एकाचंच नाव घेऊन मार.

तुझा (हा शब्द खोडणार होतो)
धाकटा