अण्णांची घंटी

३ फेब्रुवारी, मंगळवार

घंटी वाजली! अण्णांनी वाजवली! भाकरी तव्यावर टाकून पळाले. बघते तर अण्णांची डावी मूठ बटनावर, डोळे माझ्याकडं. "काय पाह्यजे अण्णा?" पाणी दाखवलं — मान हलली न्हाई. कूस बदलून दिली. मूठ बाजूला केली तरी घंटी चालूच! मंग वायरच ओढली.

लकवा मारल्यापासून अण्णांचं बोलणं गेलं, उजवी बाजू गेली. सोमेश्वरदादा त्यांचा थोरला पोरगा, पण तोच म्हणतो समज पण गेली. पुण्याहून आल्ता तेव्हा पलंगापाशी उभा राहून, त्यांच्यासमोरच — "पियू, आता त्यांना काही कळत न्हाई. संभाजीनगरला अशा पेशंटला सांभाळायचं केंद्र आहे, तिथं ठेवू. तू तुझं कॉलेज बघ." लई भांडले मी. शेवटी असं ठरलं — पंधरा तारखेपर्यंत अण्णांनी घंटी दाबून एकदा जरी बोलावलं तर घरीच ठेवायचं. न्हाई तर दादा गाडी घेऊन येणार.

म्हणून हा सगळा खटाटोप. कॉलेजात घेतलेलं आर्डुइनो, म्हणजे कोड टाकून चालवायचा छोटा बोर्ड, वाजायला एक बझर, आणि मैत्रिणीनं — आकांक्षानं — जालन्याहून आणून दिलेलं मोठं लाल बटन, मुठीनं दाबता येईल असं.

४ फेब्रुवारी

पलंग रिकामा, अण्णा अंगणात उन्हाला बसलेले, आणि आत घंटी! आई म्हणाली, "भुतानं दाबली का काय गं?" हसू आलं, मंग रडू. म्हणजे काल पण अण्णांनी वाजवली न्हाई? पण मूठ तर बटनावर होती! डोकं चालंना.

५ फेब्रुवारी

आकांक्षाला फोन केला. "अगं बाई, बोर्डाची पिन मोकळी सोडलीस ना तू!" बटन दाबलं की पिनला पाच व्होल्ट मिळतात, बराबर. पण सोडल्यावर? मला वाटलं शून्य. तर न्हाई! ती कुठंच जोडलेली नसती. मंग हात जवळ नेला, पंखा लावला, तरी तिला वाटतं कुणी दाबलं. आकांक्षा म्हणाली, कोडमध्ये पुलअप लिही, मंग बोर्ड स्वतःच पिनला पाच व्होल्टवर धरून ठेवतो, आणि बटनाची वायर पाच व्होल्टवरून काढून ग्राउंडला लाव.

लावली. आता तर कहरच! कुणी दाबलं न्हाई तर घंटी सारखी कोकलती, दाबलं की गप्प!

६ फेब्रुवारी

पुलअपला सगळं उलटं असतंय म्हणे. सोडलं की एक, दाबलं की शून्य. कोणत्या शहाण्यानं ठरवलं हे! कोडमध्ये एकाच्या जागी शून्य केलं. आता बिलकुल बराबर. दाबते, वाजती. सोडते, गप्प.

अण्णांची मूठ धरून दाबून दाखवली. त्यांनी हात मागं ओढला.

९ फेब्रुवारी

गप्प.

११ फेब्रुवारी

सकाळी चादर ओली. बटन हाताशी असून दाबलं न्हाई. ओरडले मी — "अण्णा, दाबायचं ना! एवढं पण—" पुढचं गिळलं. त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

दादाचं खरं आहे का? मी येड्यासारखी वायरी जोडून राह्यले आणि अण्णांना कशाचाच पत्ता न्हाई, असं तर न्हाई ना? भीती वाटती.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज दिवसा लाइट होती. मोसंबीला पाणी द्यायला आईसंगं मळ्यात गेले. मोटारीच्या स्टार्टरपुढं मी. हे काम कायम अण्णांचं, मी कधी केलंच न्हाई. बोट गेलं लाल बटनावर. आई ओरडली, "अगं लाल कशाला? लालनं बंद होती! हिरवं दाब, अन् मोटार उचलेस्तोवर धरून ठेव."

मी तिथंच थिजले. लालनं बंद होती! जन्मभर अण्णांचा हात त्याच दोन बटनांवर. म्हणजे पहिल्या दिवशी घंटी आपोआप बोंबलत होती, आणि ते बिचारे ती बंद करून राह्यले होते! मला बोलवायला ते लाल कशाला दाबतील?

पळत घरी आले. बटनावर हिरवी टेप चिकटवली, लाल दिसेना झालं. अण्णांनी बघितलं. मूठ आली, दाबली — आणि धरली, धरली, धरलीच! "अण्णा, उचलली मोटार, सोडा आता!" अर्ध्या तोंडानं हसले. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवून रडले.

दादाला फोन केला. म्हणले, ये तू, पण गाडी रिकामीच न्यावी लागंल!

१५ फेब्रुवारी, रविवार

दादा आला, हातपाय धुवून राह्यला तोच घंटी! दोघं धावलो. दादाच्या डोळ्यात पाणी. मी म्हणले, "बघ! सगळं कळतं त्यांना!"

अण्णांनी डावा हात उचलला. लकवा मारल्यापासून खुंटीवरच राह्यलेल्या माझ्या कॉलेजच्या बॅगेकडं बोट केलं. मंग माझ्याकडं. मंग दारातल्या गाडीकडं, आणि शेवटी हात स्वतःच्या छातीवर ठेवला.

"अण्णा, तुम्हाला केंद्रात जायचंय?"

मान हलली. माझंच चुकलं असंल म्हणून पुन्हा इचारलं. पुन्हा हो.

आता कोणत्या तोंडानं म्हणू, त्यांना कळत न्हाई म्हणून?