नानांचे स्पीकर आणि सव्वा मूठ पीठ

९ जुलै १९९५, रविवार. धुळे.
आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेणाऱ्या माणसाने नोंदी ठेवाव्यात.

दोंडाईच्याहून नानांचे दोन्ही स्पीकर आणले. नाना म्हणजे माझे सासरे, रुपचंद नाना, रिटायर्ड हेडमास्तर. स्पीकर परदेशी, सोळा वर्षांचे, एकेक पेटी कमरेएवढी. हल्ली फरफरतात. मी जाळी काढून जागच्या जागी निदान केलं. आतल्या कागदी कोनच्या कडेला मऊ फोमची गोल पट्टी असते, ती सडली आहे. मेहुणा जीवराम म्हणाला, जळगावला एक माणूस आहे, त्याच्याकडे देतो. मी म्हटलं, घरात जावई असताना जळगाव कशाला? आठ दिवसांचं काम.

 नानांना दोन वर्षांपासून ऐकूच येत नाही. पण स्पीकरवर तळहात ठेवून बसतात आणि भजनातला पखवाज हाताने ऐकतात. डोळे मिटलेले, मान डोलते, कॅसेट संपली की बरोबर उठतात. लहान स्पीकरवर त्यांना काही कळत नाही, हेच लागतात. एसटीच्या टपावर पेट्या चढेपर्यंत उन्हात उभे होते.

कुंदा (सौ.) परत येताना एवढंच म्हणाली, नानांचं दुसरं काही उरलेलं नाही, तुम्हाला जमेल ना? मी नुसता हसलो.

१० जुलै, सोमवार.
दोन्ही स्पीकर एकदम उघडले. एकेक करण्यात वेळ जातो. फोमला बोट लावलं तर काळा चिकट भुगा. थोडा कुंदाच्या उशीवर गेला. तिने ते फार मोठं केलं.

१२ जुलै, बुधवार.
गल्लीच्या तोंडाशी लोटन रेडिओवाला बसतो. त्याला सहज विचारलं. शिकायला नव्हे, त्याचं ज्ञान किती ते बघायला. म्हणाला, जुना फोम पूर्ण खरवडा. मग मधल्या कॉईलभोवती पोस्टकार्डाच्या बारीक पट्ट्या खोचा, म्हणजे कोन बरोबर मधोमध बसतो. मगच नवी कड चिकटवा. नाही तर कॉईल घासते आणि जाम होते.

पोस्टकार्डाच्या पट्ट्या! हे लोक साध्या कामाचा बाऊ करतात. माझी नजर सरळ आहे, पट्ट्या लागत नाहीत.

१३ जुलै, गुरुवार.
खरवडणं सुरू. स्क्रूड्रायव्हर घसरला. डाव्या कोनला भोक. अगदी बारीक. हवा खेळती राहील.

१६ जुलै, रविवार.
गादीवाल्याकडून फोम आणला, अर्धा इंची. ताट ठेवून गोल कापला. गोल आला नाही, ताट वाकडं असावं. फेव्हिकॉलने बसवला. दुपारी वाजवून पाहिलं. आवाज आला नाही असं नाही, पण तीन घरं सोडून कुणी भांडत असल्यासारखा आला. फोम जाड, त्यामुळे कोन हलतच नाही. गादीवाल्याने दगा दिला.

आठ दिवस आज संपले. पण अभ्यासाचे दिवस त्यात धरायचे नसतात.

२३ जुलै, रविवार.
फोम रद्द. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून सोल्यूशनने लावली. आयडिया अप्रतिम. पंक्चरवालाही बघत राहिला. पाच मिनिटं वाजलं, मग भर भजनात पट्टी सुटून कोन पुढे आला आणि अशी काही घरघर सुरू झाली की आई पोळपाट हातात घेऊन बाहेर आली. "त्यामा भूत शे का रे, सुकदेव?" मी शांतपणे सांगितलं की टेस्टिंग चालू आहे.

२७ जुलै, गुरुवार.
शेजारच्यांकडे जीवरामचा फोन. नाना रोज सकाळी स्पीकर होते त्या कोपऱ्यात जाऊन बसतात म्हणे. भिंतीला हात लावून बघतात. चार दिवस झाले, जेवणही कमी केलंय. कितपत आलं? मी म्हटलं, नव्वद टक्के. म्हणाला, मग राखीला नानांना घेऊनच येतो, दहा तारखेला, आणि जाताना स्पीकर घेऊन जातो.

फोन ठेवला आणि रात्री जेवलो नाही. ॲसिडिटी असावी.

३० जुलै, रविवार.
ट्यूब रद्द. माझा जुना मलमलचा सदरा कापून कापडी पट्ट्या केल्या. कापड हेच खरं. फक्त फेव्हिकॉल वाळून पत्र्यासारखा कडक झाला आणि कोन हलला की तडतडायला लागला.

मी आंघोळीला गेलो असताना कुंदा परस्पर लोटनकडे जाऊन आली. लोटन आजही करून द्यायला तयार आहे म्हणाली. मी म्हटलं, माझी काही अब्रू आहे की नाही? ती म्हणाली, अब्रू तुमची, पण हात माझ्या बापाचा.  अबोला धरला. दोन दिवस पाळायचा आहे.

१ ऑगस्ट, मंगळवार.
अबोला संपवला. तो धरलेला आहे हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

५ ऑगस्ट, शनिवार. दुपार.
उद्या कानबाई, आमच्या खानदेशातला श्रावणातला देवीचा सण. यंदा आमच्याकडे सगळी भाऊबंदकी जमणार. कौतिक आबा (मोठे काका) सकाळीच आले. घरात पाय ठेवायला जागा नाही. स्पीकर खाटेखाली.

आज लख्ख प्रकाश पडला. कोन म्हणजे शेवटी कागद. कागदाला काय लागतं? खळ! गव्हाच्या पिठाची. वाळली तरी कापडाबरोबर वाकते. एवढं सोपं कुणाला सुचलं नाही.

घरात गव्हाचं पीठ नव्हतं. बाजरीचं होतं, त्याची खळ धरत नाही. गिरण्या धुऊन ठेवलेल्या, देवीच्या नैवेद्याच्या रोटाशिवाय दुसरं दळण आज कुणी घेत नाही. देव्हाऱ्यासमोर परातीत रोटाचं गव्हाचं पीठ तेवढं झाकून ठेवलेलं होतं. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ, आईने स्वतः मोजलेलं. सात पुरुष. त्यातली सव्वा मूठ माझीच ना? माझ्या वाट्याचं मी कोनला लावलं काय आणि खाल्लं काय. परातीतून बरोबर सव्वा मूठ घेतली, वर एक कणही नाही. हिशेबाला मी चोख आहे.

६ ऑगस्ट, रविवार. सकाळी १०.
वाजला!! दोन्ही वाजले! खाटेखालीच कॅसेट लावून पाहिली. डावा जरा खरखरतो, पण उजवा स्वच्छ. जाळीवर हात ठेवला तर तळव्याला गुदगुल्या झाल्या. नाना यालाच पखवाज म्हणत असणार. मी एकटाच हसत बसलो होतो, डोळे भरून आले होते, हे लिहायला हरकत नाही.

सायंकाळ.
भलतंच झालं. आईने कानबाईपुढे रोट केले तर सहाच झाले. सातव्याला पीठ पुरेना. आईने परात झटकून पाहिली. "सात माणसंस्नं पीठ मोजं व्हतं मी. एकनं कठे गयं?" घरातल्या एका पुरुषाचा वाटा देवीसमोरून गेला, म्हणजे त्याचं काही खरं नाही. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग कौतिक आबांकडे. त्यांचं हृदयाचं दुखणं आहे.

मी पानं मांडायला घेतली. सणाच्या दिवशी उगाच विषय वाढवू नये.

७ ऑगस्ट, सोमवार.
कानबाईचं विसर्जन झालं. आबा नदीवर आले नाहीत. घरी बसून कुठल्या शेताला कोणती खतं, म्हैस कुणी ठेवायची, हे मुलाला सांगत होते. गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी, खीर, सगळं पुढ्यात, घास नाही. म्हणाले, मना वाटा गया, मी काय खाऊ?

सांगावं असं दोनदा वाटलं. पण सांगितलं तर स्पीकर हातचे जातील. राखीला तीन दिवस राहिले आहेत.

८ ऑगस्ट, मंगळवार.
आईला केर काढताना खाटेखाली खळीचं पातेलं सापडलं. वाळलेल्या खळीला बोट लावून तिने वास घेतला. मग स्पीकरकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

तेव्हा मी मोठ्या मनाने सगळं सांगून टाकलं.

आबा ताडकन उठले आणि आधी दोन रोट खाल्ले. माझा जीव भांड्यात पडला. पण आईचा निकाल वेगळा. रोट भाऊबंदकीच्या बाहेर जात नाही. नाना सोयरे. तेव्हा हे स्पीकर आहेत तसे दोंडाईच्याला जाणार नाहीत. शिवाय रोट पौर्णिमेच्या आत संपायला पाहिजे आणि ज्याचा वाटा त्यानेच खायला पाहिजे. मी म्हटलं, आई, ते आता टेक्निकल वस्तूत आहे. ती म्हणाली, "तूच लावं ना? मंग तूच काढ नि तूच खाय. पुनीना पहिले."

कुंदा दाराशी उभी होती. तिला वाटलं मी भांडेन. आबा काठी घेऊन बसले होते, त्यामुळे भांडलो नाही.

९ ऑगस्ट, बुधवार.
रजा टाकली. ओल्या फडक्याने कडा भिजवल्या, खळ सुटली, चमच्याने खरवडून वाटीत घेतली. तिच्यात मलमलचे धागे, जुन्या फोमचा काळा भुगा, फेव्हिकॉलचे पापुद्रे. आईने वर दूध घातलं. सगळे पुरुष गोल करून बसले, मी खाल्लं. दोन वाट्या झाल्या. आबा प्रत्येक चमचा मोजत होते.

कोन मात्र भिजून लगदा झाले, वाळल्यावर वाकडे झाले आणि कॉईल जाम बसली. बोटाने दाबलं तरी हलत नाही. दोन्ही.

 कुंदा लोटनकडे नेते म्हणायलाही आली नाही.

प्लॅन: जाळ्या परत लावणे. बाहेरून नव्यासारखे दिसतात. उद्याचं उद्या.

१० ऑगस्ट, गुरुवार. राखी.
हे दुसरं पान. आजचं पहिलं फाडावं लागलं. त्यावर सकाळीच 'काम फत्ते' लिहून ठेवलं होतं.

नाना आले ते चपला काढून सरळ स्पीकरपाशी. जीवराम आणि कुंदा आत राखीच्या ताटाशी, आई चुलीपाशी. बाहेर आम्ही दोघेच. नानांनी खूण केली, लावा. मी कॅसेट घातली, बटन दाबलं, लाल दिवा लागला. आवाज शून्य. नानांनी जाळीवर तळहात ठेवला, डोळे मिटले. काय करावं सुचेना, म्हणून मी मान डोलवली, म्हणजे वाजतंय. जीवराम बाहेर आला की वायरिंगवर ढकलू असा विचार होता.

नानांनी खूण केली, मोठा करा. केला. त्यांनी दुसरा हात ठेवला. मग दुसऱ्या पेटीवर दोन्ही हात. मग वाकून गाल टेकवला. मी मान डोलवत राहिलो. एकदा सुरू केल्यावर थांबवता येईना.

नाना सरळ झाले. हात धोतराला पुसले आणि उलटसुलट करून बघत राहिले. मग स्वतःशीच म्हणाले, "चला. आते हातबी गया मना."

खुर्चीवर बसले. मला म्हणाले, जावईबापू, हे दोन्ही तुम्हीच ठेवून घ्या, मला आता काय करायचे. महिनाभर मेहनत केलीत. शाब्बास.

बारा वर्षांत नाना मला पहिल्यांदा शाब्बास म्हणाले. परदेशी स्पीकर माझे झाले. आणि मला फार वाईट वाटलं. ते हात मांडीवर ठेवून बसले होते, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. मी त्यांच्या कानाशी ओरडलो, त्यांना काय कळणार? मग रोजनिशीचं पान फाडलं आणि मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'स्पीकर बंद आहेत. वाजतच नव्हते. मी बिघडवले. महिनाभर मीच बिघडवत होतो. तुमच्या हाताला काहीही झालेलं नाही.'

नानांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. तोवर आतून सगळे बाहेर आले. नानांनी उभं राहून ते पान सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. बहिऱ्या माणसाचा आवाज, लोटनपर्यंत नक्की गेला असेल. मग हसायला लागले. हसता हसता रडले, चष्मा काढून पुसला. "तुम्हीच बिघडवले ना? मंग काही चिंता नही!" आणि स्वतःच्या तळहातावर दुसऱ्या हाताने चापट मारून बघितली, पुन्हा मारली, पुन्हा हसले.

खीर दोन वेळा मागून घेतली. कुंदा त्यांच्या शेजारी बसून वाढत होती. जीवराम पेट्या इथूनच जळगावला नेणार. नवे कोन मिळतात म्हणे, पंधरा दिवसांत होऊन जातं. आईने पेट्या आतून बाहेरून तपासल्या आणि घरातलं काही शिल्लक नाही म्हणून सोडल्या.

दुपारी जीवरामने जीप आणली. निदान एवढं तरी करावं म्हणून मी उजवी पेटी उचलायला पुढे झालो. नानांनी लांबूनच हात वर केला आणि म्हणाले, जावईबापू, तुम्ही फक्त हात लावू नका.