अकरा सह्या

३ मार्च, सोमवार
पोहोचलो एकदाचा! परका देश, मामाचं कोरं करकरीत ऑफिस आणि त्यात मी. तिसरा मजला, काचेची दारं, ओल्या रंगाचा वास. मला धरून अकरा माणसं, सगळी आपल्याकडची. मामानं आल्या आल्या पिवळं जाकीट आणि शिट्टी हातात दिली. इथला कायदा कडक आहे. घंटा वाजवून सगळ्यांना मागच्या जिन्यानं खाली न्यायचं, आवारात डोकी मोजायची, रजिस्टरमध्ये नावं लिहून सह्या घ्यायच्या. ही फायर ड्रिल झाली नाही तर ऑफिसला टाळं. हिशेब बघणाऱ्या काकूंनी माझं नाव लगेच 'बंबवाले' करून टाकलं. सरांच्या अंगावर डस्टर फेकून कॉलेज सोडलेल्या पोरावर कुणी जबाबदारी टाकतंय, हे तिकडे गावी माझ्यासाठी थांबलेल्या 'तिला' कळवलं. तिनं नुसता अंगठा पाठवला. अंगठा तर अंगठा!

१४ मार्च, शुक्रवार
आज ड्रिल होती. झाली नाही. सकाळी तिचा फोन आला, घरचे स्थळं बघतायत. डोकं फिरलं. मागच्या जिन्यात बसून तासभर भांडलो, मग रडलो. वर आलो तर निरोप, निरीक्षक दुपारी येतायत. घंटा वाजवायला वेळ होता, पण सुजलेले डोळे घेऊन सगळ्यांसमोर कोण उभं राहणार? लिहून टाकलं: ११.१०, सर्व सुखरूप बाहेर. अकरा नावं, अकरा सह्या, सगळ्या मीच ठोकल्या. निरीक्षकांनी पाठ थोपटली. मामा म्हणाला, नाव काढलंस. कान तापले. रजिस्टर मिटून ठेवलं.

१७ मार्च, सोमवार
काकूंचा गुडघा धरलाय. म्हणाल्या, काय हो बंबवाले, जिने उतरवून मारता का म्हातारीला? टोमणा असेल म्हणून हसलो. पण मामालाही ती ड्रिल आठवतेय. आवारात कोण कुठे उभं होतं तेसुद्धा.

१८ मार्च, मंगळवार
११.१०ला सगळे उठले. घंटा नाही, काही नाही. काकूंचा चहा टेबलभर सांडला, त्यांनी वळून पाहिलं नाही. रांगेनं मागच्या जिन्याकडे. माझेही पाय निघाले, आवरेनात. पाच मिनिटं आवारात, मग परत वर. विचारलं तर म्हणतात, जागचं हललंय कोण?

वर मावशी एकट्याच होत्या, खोकत. साफसफाईच्या मावशी ठेकेदाराकडून येतात, म्हणून ऑफिसच्या यादीत नाहीत. सह्या ठोकताना मला त्या आठवल्याही नाहीत. आणि त्याच सकाळी जिन्यात मी रडत होतो, तेव्हा पाण्याचा पेला त्यांनीच आणून दिला होता.

२० मार्च, गुरुवार
रोज ११.१०. आज मावशींच्या ओढणीचं टोक जळालेलं. नाकपुड्या काळ्या. म्हणाल्या, तुम्ही सगळे गेलात की धूर फार होतो, साहेब. धूर तर कुठेच नाही. मामाला खरं सांगायला केबिनच्या दारापर्यंत गेलो. सांगितलं तर ऑफिस बंद, आणि तिला कळणार की यानं तिथेही— परत फिरलो. लिहितानासुद्धा लाज वाटते.

२१ मार्च, शुक्रवार
आज मावशींचा हात घट्ट धरला. ओढत नेलं. उंबऱ्याशी हात सुटला, दार मिटलं. मी बाहेर, त्या आत. माझ्या तळव्याला त्यांच्या हाताची कातडी—

काचेतून बघत होत्या. रागानं नाही. रागावल्या असत्या तर बरं—

२४ मार्च, सोमवार
मामाला सगळं सांगितलं. सह्यांसकट. ऐकत होता. घड्याळात ११.१० झाले, आणि वाक्य अर्धं टाकून उठला.

मी धावत जाऊन रजिस्टरमधलं माझं नाव खोडलं. पाय थांबले. बाकी दहा गेले.

धूर आता मलाही दिसतो. दार तापलंय. रजिस्टर आणि ही डायरी, दोन्ही वह्या मांडीवर. मावशी शेजारी.

खोडलेल्या जागी त्यांचं नाव लिहायचं, बस. मग त्यांचेही पाय निघतील. फक्त नाव—

तीन आठवडे. एकदाही विचारलं नाही.

आता विचारतोय. खोकल्यानं बोलवत नाहीये त्यांना. मावशी, हळूच सांगा, मी लिहितो— पेन तयार आहे, मावशी— नुसतं नाव—