घोषणाखोलीतल्या माझ्या खुर्चीविषयी

लिंडेन क्रीक, ओहायो
शनिवार सकाळ, ऑक्टोबर

तीर्थरूप मार्लीन मावशीस,

वेन्डेलचा नमस्कार. तुझे गुडघे वाकत नसले तरी माझे अजून वाकतात, तेव्हा तो वाकूनच केला आहे असं समज. फ्लोरिडाच्या उन्हाने दुखणं कमी झालं का? इकडे जोलीनचा खोकला गेला आणि माझी झोप गेली, बाकी ठीक. तू मागच्या पत्रात लिहिलंस की ग्रेडी हल्ली तुला रोज फोन करतो, कधीकधी दोनदा. एवढा नामांकित माणूस, देशभर टीव्हीवर दिसणारा, आणि रोज आईला फोन! मी माझ्या आईला, ती होती तेव्हा, रविवारी एकदा फोन करायचो आणि तेवढ्यावर स्वतःला चांगला मुलगा समजायचो. ते समाधानही तुझ्या मुलाने नेलं.

खरं म्हणजे हे सगळं मी रोजनिशीत लिहायला बसलो होतो. पण तिथे खरं लिहावं लागतं. ‘ग्रेडी मला आवडत नाही’ असं लिहून मी ते खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. ते खोटं आहे म्हणून खोडलं की खरं आहे म्हणून, हे ठरेना. तेव्हा म्हटलं, त्याच्या आईलाच लिहावं.

शाळेच्या फुटबॉल संघात आम्ही दोघं होतो, हे फक्त तुला आणि मला आठवतं. तो सगळा खेळ चालवणारा क्वार्टरबॅक, मी त्याच्यापुढे वाकून दोन पायांमधून त्याच्या हातात चेंडू देणारा सेंटर. म्हणजे चार वर्षं गावाने त्याचा चेहरा पाहिला आणि माझा दुसराच भाग पाहिला. (अजूनही काही म्हातारे मला समोरून ओळखत नाहीत.) पुढे तो शिष्यवृत्तीवर मोठ्या विद्यापीठात गेला, मी इतिहास शिकायला छोट्या कॉलेजात. तो व्यावसायिक संघात राखीव क्वार्टरबॅक झाला आणि दहा-अकरा वर्षं मैदानाच्या कडेला टोपी घालून, हातात डावपेचांची पाटी धरून उभा राहिला. मैदानात इतका कमी उतरला, की एकदा मी सरबत आणायला आत गेलो तेवढ्यात त्याचा तो मोसम संपला. पण उभं राहून राहून समोरचा संघ काय करणार हे त्याला आधीच कळायला लागलं, आणि याच एका गुणावर त्याला टीव्हीने उचललं. सूट, दात, आणि पडद्यावर पिवळे गोल काढत ‘आता बघा, हा मुलगा आत वळेल’ असं म्हणायचं. मुलगा वळतो. गाव टाळ्या वाजवतं. मी त्याचे कार्यक्रम बघत नाही. तो माझ्या तत्त्वाचा प्रश्न आहे. कोणतं तत्त्व ते मी अजून शोधतो आहे.

माझ्याकडे मात्र शुक्रवारची संध्याकाळ होती. शाळेच्या मैदानावर, लाकडी घोषणाखोलीत, ध्वनिक्षेपकासमोर मी. तुला माहीत आहे, मी कधी आवाज चढवत नाही. चेंडू कोणी नेला, कोणी अडवला, किती यार्ड, बस्स. पाहुण्या संघातल्या मुलांचीही नावं मी त्यांच्या आईला आवडतील अशी नीट उच्चारतो. मधूनच ‘पांढऱ्या ब्यूक गाडीचे दिवे चालू राहिले आहेत’ असं सांगतो. पगार नाही. पण मावशी, आठवड्यातल्या त्या दोन-तीन तासांत सगळं गाव मी म्हणेन ते ऐकतं. मी इतिहास शिकवतो त्या वर्गात तर माझं पहिल्या बाकावरचेही ऐकत नाहीत.

तर होमकमिंगच्या सामन्याला, माजी विद्यार्थी गावात परत येतात त्या शुक्रवारी, ग्रेडी आला. प्राचार्य ब्लँचर्ड बाईंनी मला बोलावून म्हटलं, “वेन्डेल, एका दिवसापुरतं ध्वनिक्षेपक त्याला दिलास तर? लोकांना किती आनंद होईल!” मी हसून म्हटलं, “मलासुद्धा.” घरी आल्यावर तेच हसू बघून जोलीन बायकोच्या हक्काने म्हणाली, “हसू नकोस असा, दात दुखतात का विचारतील.”

तो आला तो डोनट्सचा मोठा खोका घेऊन. “वेन्ड्या! अरे, जाड झालास की!” म्हणाला आणि माझ्या खुर्चीत बसला. बसल्याबसल्या खालचा दांडा ओढून त्याने ती उंच केली. ती खुर्ची इतक्या वर्षांत माझ्या मापाची झाली होती. मी शेजारच्या बुटक्या स्टुलावर बसलो आणि खेळाडूंच्या नावांच्या तक्त्यावर बोट ठेवायचं काम घेतलं. चेंडू कोणाकडे आहे ते बोट दाखवतं आणि बोलणारा बोलतो. पुन्हा एकदा मी त्याला चेंडू देत होतो, एवढंच.

आणि मग तो बोलायला लागला, जसं टीव्हीवर बोलतो तसं. “आता बघा, लिंडेन क्रीकचा डावीकडचा उंच मुलगा आत वळेल, चेंडू त्याच्याकडे.” मावशी, टीव्हीवर हे बोललेलं मैदानातल्या खेळाडूंना ऐकू जात नाही. आमचे कर्णे मैदानाच्या चार कोपऱ्यांत खांबांवर आहेत. समोरच्या फेअरहेवनच्या मुलांनी ते ऐकलं, माना वळवल्या आणि सगळेच्या सगळे त्या उंच मुलाभोवती जाऊन उभे राहिले. तो बिचारा आत वळला आणि त्याच्यावर निम्मं फेअरहेवन पडलं. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या! खिडकीखाली बसलेला अर्ल न्हावी ओरडला, “काय डोकं आहे बघा! चेंडू निघायच्या आधीच सांगतो!” पहिल्यांदा मला तो योगायोग वाटला. दुसऱ्यांदा मला कळलं. तिसऱ्यांदा मी त्याची बाही ओढली. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये मी डोनटचा एक घास खाल्ला. त्या घासाचा मी आठ दिवस विचार करतो आहे. तोंड भरलेलं होतं म्हणून बोललो नाही, की बोलायला लागू नये म्हणून तोंड भरलं?

“ग्रेडी, त्यांना ऐकू जातंय,” मी म्हटलं. तो क्षणभर लालबुंद झाला. मग हसला, तेच हसू, शाळेतलं. “ऐकतात काय? मग ऐकवू की!” मी म्हटलं, “हे नियमात बसत नाही रे.” तो म्हणाला, “वेन्ड्या, तू अजून तसाच आहेस.” (ही स्तुती होती का? तू त्याला ओळखतेस, सांग.) आणि त्याने कर्ण्यावरून जाहीर केलं, “आता चेंडू डावीकडे!” सगळं फेअरहेवन डावीकडे धावलं. आमचा मुलगा उजवीकडून एकटा, सकाळी पाव आणायला निघाल्यासारखा, शेवटची रेघ ओलांडून टचडाउन करून आला. असा जल्लोष या मैदानावर मी ऐकला नव्हता. माझ्या तोंडूनही काहीतरी निघालं. ते मी खोकल्यात घातलं.

पंचाला ऐकू येत होतं. त्याने पिवळा रुमाल फेकला, आमच्या खिडकीकडे बोट दाखवलं, टचडाउन रद्द केलं, पंधरा यार्डांचा दंड दिला आणि घोषणा करणाऱ्याला खाली उतरवायला सांगितलं. ग्रेडी हात हलवत खाली उतरला तर लोकांनी त्याला घेरून सह्या घेतल्या. मी त्या उंच खुर्चीत पाय लोंबकळवत बसलो आणि उरलेला सामना सांगितला. एका टचडाउनने हरलो. त्याच टचडाउनने. जिना उतरताना अर्ल म्हणाला, “हरलो, पण मजा आली राव! तू का नाही बोलत असा?”

आता खरी गोष्ट. पंचाच्या तक्रारीत ‘घोषणाकार’ एवढंच आहे आणि छापील कार्यक्रमपत्रिकेवर घोषणाकार म्हणून नाव माझं आहे. शाळा मंडळ महिन्याच्या शेवटी बसेल आणि ध्वनिक्षेपक मला पुन्हा द्यायचा का ते ठरवेल. तोवर बंदी. काल मी घरी बसून बंद खिडकीतून कर्ण्याचा आवाज ऐकला. प्राचार्य बाईंनी दोन मुलांच्या आडनावांची वाट लावली. दुकानात बाहेरगावचे लोक म्हणतात, “तुम्हीच का ते? कमाल केलीत!” ग्रेडीने केलेल्या गोष्टीचं श्रेय जन्मात पहिल्यांदा मला मिळालं, तेही हे.

तो रविवार संध्याकाळपर्यंत आमच्याकडेच होता. दुपारी स्वयंपाकघरात बसून जोलीनने केलेला ॲपल पाय त्याने निम्मा संपवला. ती टीव्ही लावायला उठली तर म्हणाला, “राहू दे गं, पत्ते खेळू.” एवढी बेफिकिरी! स्वतःचं कौतुक बघायचाही कंटाळा आलेला माणूस. पत्त्यांतही तोच जिंकला.

उन्हाची टोपी घालत जा.

तुझा भाचा,
वेन्डेल

ता. क. मागायचं ते राहिलंच. त्याला सांगून शाळा मंडळाला एक ओळ लिहून घे: ‘तो आवाज माझा होता.’ तुझं तो ऐकेल. मी सांगितलं तर हसेल.

ता. क. २ (रविवार रात्र). पत्र पेटीत टाकायचं राहिलं ते बरं झालं. आज जोलीन म्हणाली, “तो गेल्या रविवारी दुपारी आपल्या स्वयंपाकघरात बसला होता, हे तुला विचित्र नाही वाटलं?” मला कळायला वेळ लागला. ऑक्टोबरातला रविवार, मावशी. व्यावसायिक सामन्यांचा, म्हणजे त्याच्या कामाचा दिवस. तत्त्व बाजूला ठेवून मी टीव्ही लावला. त्याच्या जागी दुसराच कोणी आहे, वयाने लहान, दात जास्त, पिवळे गोल तो काढतो. ग्रेडीला ऑगस्टमध्येच काढलं म्हणे. मी भांडी घासत होतो तेव्हा त्याने जोलीनला सांगितलं. मी बघत असतो तर मला कळलं असतं. गावाला वाटतंय, तो बोलतो तो सामना सोडून आपल्याकडे दुसराच दाखवतात. तुला ठाऊक असेलच. नसेल तर हा ता. क. तू वाचलाच नाहीस.

ता. क. ३. ती ओळ मागू नकोस. ध्वनिक्षेपक माझ्या ताब्यात होता असं मीच मंडळाला सांगेन. ते खोटं नाही, मी तपासून पाहिलं. मला वाटलं होतं, त्याचं असं काही ऐकून बरं वाटेल. थोडं वाटलं. फार टिकलं नाही.

ता. क. ४. मंडळाने परत ठेवलं तर नोव्हेंबरातल्या शेवटच्या सामन्याला नावांवर बोट ठेवायला मला माणूस लागेल. फोनवर सहज सुचल्यासारखं त्याला सुचव. मी लिहिलं असं सांगू नकोस. गरम जाकीट आणायला सांग, खिडकीला फट आहे. डोनट्स आणले तरी चालतील. पण त्याने स्टुलावर बसायचं, आणि माझ्या खुर्चीचा दांडा ओढायचा नाही.