राजेसाहेबांची दुभाषी

२२ सप्टें., सोमवार
महाळुंग्याच्या प्लांटला नवे सेफ्टी हेड आले, जर्मनीहून. मी दुभाषी. ते जर्मन बोलणार, मी शॉपफ्लोरला मराठीत सांगणार. आयकार्डावर आडनावातच ‘प्रिन्स’. झालं! कँटीनपर्यंत बातमी, "राजे आले राव." त्यांना सांगितलं तर म्हणाले, आता फक्त आडनाव उरलंय, किल्ल्यात वृद्धाश्रम आहे. थोरल्याला जमीन, धाकट्यानं नौदलात जायचं, ही घरची रीत. हे धाकटे. जन्म बोटीवर गेला. बोलणं कमी, बघणं फार. भीतीच वाटते.

संदीप, माझा सख्खा भाऊ, तिथंच मेंटेनन्सला आहे हे बोलले नाही. लग्नानंतर आडनाव वेगळं, कुणी विचारलंही नाही. डिसेंबरात पर्मनंट व्हायचाय तो, उगाच कशाला.

२६ सप्टें.
चाकण चौकात कांद्याचे ट्रक. गाडी जागची हलेना. साहेब आपणहून बोलायला लागले. त्यांच्या बोटीवर आगीची घंटा सारखी खोटी वाजायची म्हणून कुणीतरी बंद केली. मग खरीच आग. एक खलाशी गेला. घंटा बंद करणारा अधिकारी यांचा सख्खा चुलतभाऊ. सगळे गप्प, यांनी चौकशीत नाव घेतलं. त्याची नोकरी गेली, आणि घराण्यानं यांना लग्नकार्याला बोलावणं सोडलं.
"पश्चात्ताप होतो?"
"रोज. पण परत तेच करीन."
असा माणूस आपल्या घरात नको बाई.

१ ऑक्टो., खंडेनवमी
पत्रा दाबायच्या प्रेस मशीनची पूजा. हळदकुंकू, नारळ, झेंडूचे हार. साहेबांनी सेफ्टी शूज न काढता नमस्कार केला, थोडी कुजबुज. मग म्हणाले, दसऱ्याच्या सुट्टीनंतर मशीन चालू करण्याआधी हार काढा. मी मराठीत सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

३ ऑक्टो.
पहिल्या शिफ्टला ऑपरेटर मोरेंची दोन बोटं प्रेसमध्ये गेली. हात मध्ये आला की प्रेस थांबवणारा सेन्सर कुणीतरी बायपास केलेला. कारण हार सेन्सरसमोर लोंबत होता, प्रेस सारखी थांबत होती, आणि पूजेचा हार सुकायच्या आत काढायला कुणी धजेना! हार वर सरकवला असता तरी...

साहेब एकेकाला विचारत फिरले, मी शेजारी. संदीपची पाळी आली. साहेबांकडे नाही, माझ्याकडे बघून पडेल आवाजात, "ताई, मीच केलो. घंटाभरासाठी म्हणून."
साहेब : काय म्हणाला?
मी : त्याला काही माहीत नाही.
एकदाही न अडखळता. इतकं सफाईदार जर्मन आयुष्यात बोलले नसेन.

४ ऑक्टो., शनिवार
एचआरच्या मते बायपास मोरेंनीच केला. म्हणजे बोटंही गेली, नोकरीही जाणार. साहेबांबरोबर हॉस्पिटलला गेले होते. मोरेंच्या बायकोनं व्हरांड्यात माझा हात धरला. "म्याडम, ह्यांनी न्हाई केलं वो. तुमचं ऐकत्यात सायेब, एवढं सांगा की." सांगते म्हटलं. शरम वाटली स्वतःची.

येताना गाडीत साहेब : "सोमवारी सगळ्यांना पुन्हा विचारणार. भाषांतर तुम्हीच करायचं." डांगे चौक आला तेव्हा, "चुलतभावाचं नाव घेतलं त्याच्या आदल्या दिवशी मी त्याच्याच घरी जेवलो होतो." माझ्याकडे बघितलं नाही.
यांना कळलंय? कुणी सांगितलं असेल? की उगाच माझंच मन...

५ ऑक्टो., रविवार
संदीपला जेवायला बोलावलं. बोलावल्यावर साहेबांचं गाडीतलं बोलणं आठवलं. दोन घास खाल्ले त्यानं. म्हटलं, उद्या तू स्वतः सांग. मी फक्त जर्मनमध्ये सांगीन, एक शब्द कमी नाही, जास्त नाही.
"माझ्या तोंडातून निघंना ताई. परवा तुला बोललो तेवढंच निघालं."
मोरेंचं काय मग, विचारलं. रडायला लागला. त्याला लहानपणापासून रडताना बघवत नाही मला.

चपला घालताना म्हणाला, "तू सांगितलीस तरी मी रागावणार नाही. पर लातूरला आईला तूच कळव."

जिना उतरून गेला. आईचा फोन वाजतोय. दसऱ्याला दोघं भेटलात का, विचारायला असेल. अजून उचलला नाही.