आईच्या खोलीतला अंधार

४ मार्च, मंगळवार

—गवंड्याच्या ओळंब्याची दोरी माझ्या हातात, आणि दोघं माझ्या डोक्यावरून भांडत होते.

शटरवाला म्हणाला, "आधी गिलावा, मग माझं काम. सिमेंट उडालं तर या मॅडम मलाच धरणार."

"आधी पट्ट्या बसव. मी गिलावा त्यांना भिडवतो. नंतर भोकं पाडलीस तर माझी भिंत तडकेल," गवंडी म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "ताई, खिडकीला शटर? दुकान काढताय का?"

सांगितलं. आई रविवारी येतेय. आजारपणापासून तिला उजेड सोसत नाही. चौदा महिने डोळ्यांवर फडकं बांधून आहे. ही खोली पूर्ण अंधारी झाली तर ते काढता येईल.

गवंड्याने खिडकीच्या कडेवरून हात फिरवला. "मग फट राहता कामा नये."

ठरलं : शटर सरकायच्या पट्ट्या आणि ते गुंडाळायची वरची पेटी उद्या. मग गिलावा. शटर सगळ्यात शेवटी, बाहेरची बांबूची परांची उतरल्यावर.

५ मार्च

पट्ट्या बसल्या. गवंड्याने लांबून एक डोळा मिटून पाहिलं. "उजवी दोन सूत बाहेर."

"मोजून लावलीय हो!"

पुन्हा मोजली. दोन सूत, म्हणजे पाव इंच.

६ मार्च

तासभर नुसती बघत उभी होते. गवंडी थापीने सिमेंटचा माल भिंतीवर फेकतो आणि माल तिथेच राहतो! फेकलेली गोष्ट चिकटते कशी, विचारलं.

"भिंत आधी पाणी पाजून ठेवायची, ताई. मग ती ओढून घेते."

मी इतकी वर्षं वर्गात शिकवते. असं सोपं उत्तर मला एकदाही देता आलं नाही.

७ मार्च

उतावळेपणा माझा. परांची अजून उभी होती, पण शटरवाला मोकळा होता. म्हटलं, बसवूनच टाका.

त्याने शटर खाली सोडलं — खोली गेली. भिंती, दार, माझा हात, काहीच नाही.

"जमलं का?" त्याचा आवाज कुठून आला, कळलं नाही.

८ मार्च

परांची उतरवताना बांबूतला खिळा शटरमध्ये घुसला. आरपार. मुगाएवढं भोक.

गवंडी खाली बसला. "हात घसरला माझा." शटरवाला म्हणाला, "म्हणून मी शेवटी म्हणत होतो." माझ्याकडे कुणीच पाहिलं नाही. ते जास्त लागलं.

शटरची नवी आडवी पट्टी आठ दिवसांनी येईल. पत्र्याचं ठिगळ सोमवारी. तोवर आतून काळी चिकटपट्टी लावली. तीनदा दाबली.

९ मार्च, रविवार

आई आली. दुपारची वेळ. शटर खाली, दार बंद. तिला पलंगावर बसवून मी फडक्याची गाठ सोडली.

टप्! ऊन लागून शटर तापलं असणार. चिकटपट्टी सुटून पडली. मी भोकावर तळहात ठेवायला धावले.

"थांब," आई म्हणाली. "सरक बाजूला."

वळून पाहिलं. समोरच्या भिंतीवर आमचं अंगण होतं. रंगांसकट, अगदी मंद. आणि उलटं! आकाश खाली, कुंपण वर. सुट्टी असूनही गवंडी आला होता. पाय छताकडे करून तो वाळू चाळत होता. वाळू वर पडत होती.

बारीक भोकातून बाहेरचं चित्र उलटं उमटतं, हे शाळेत शिकले होते मी. आकृती काढून गुणही मिळवले होते. त्याचा आता काही उपयोग झाला नाही. जाऊन भिंतीवरच्या आकाशाला हात लावून पाहिला.

"दुखतंय का?"

"नाही गं. हा उजेड अंगावर येत नाही." मग भिंतीकडे बोट करून, "तो बाबा रोज असाच डोक्यावर उभा राहून काम करतो?"

ती हसली. फडकं तिच्या मांडीवर पडलं होतं. दोघी बघत बसलो, ऊन कुंपणावरून उतरेपर्यंत — म्हणजे भिंतीवर, चढेपर्यंत.

१० मार्च

सकाळी शटरवाला ठिगळ घेऊन आला. आईने ते परत पाठवलं. चित्र नीट उमटावं म्हणून त्याने कानशीने भोकाची कड तेवढी घासून दिली.